मुठीतली माळ

टक्… टक्… लाकडी टेबलावर चुंबकाचे मणी एकमेकांना चिकटत होते. बरीच वर्षं झाली, पण तो आवाज अजून कानात आहे.

"मग जिवाणूच चुकले म्हणायचे का, बाई?" संशोधन करणाऱ्या वेदांगने विचारलं होतं.

"त्यांनी तुझा लेख वाचला नसेल," त्याच्या मार्गदर्शक लोंढेबाई म्हणाल्या.

मी त्या प्रयोगशाळेत काचेच्या नळ्या धुवायचो. ऐकून ऐकून एवढं कळलं होतं, की पेशीत आरएनए नावाचा धागा असतो, माळेसारखा. जोडीचे मणी भेटले की माळ स्वतःवरच दुमडते. ती कशी दुमडेल, ते वेदांग संगणकावर काढायचा. त्याच्यासोबत काम करणाऱ्या मरियमने जिवंत जिवाणूंत पाहिलं, तर घडी वेगळीच निघाली.

"तिचे आकडे लेखातून गाळू या," वेदांग म्हणाला. "सगळ्यात भक्कम घडी माझीच आहे."

मरियम दारातच उभी होती. तिचं वर्षभराचं काम होतं ते.

"काका, ती शिकवायची माळ देता?" बाईंनी मला विचारलं.

मी दिली. दोऱ्यात ओवलेले चुंबकाचे मणी होते.

"पहिला मणी कुणाला धरेल रे?" त्यांनी वेदांगला विचारलं.

"शेवटच्याला. तीच जोडी घट्ट."

बाईंनी माळ मुठीत घेतली आणि एकेक मणी बाहेर सोडू लागल्या. पहिला आला, एकटाच. दुसरा… तिसरा… चौथा येताच, टक्. पहिल्याने त्याला धरलं.

"तो त्याचा जोडीदार नाही," वेदांग म्हणाला.

"नसेल. पण आधी आला तो तोच."

शेवटचा मणी बाहेर पडला, तेव्हा त्याची जागा गेलेली होती.

वेदांग माळेवर वाकला.

"मी संगणकाला अख्खी माळ एकदम दिली," तो हळू आवाजात म्हणाला. "पेशीत ती एकेका मण्याने घडते, आणि घडता घडताच दुमडते…"

बाईंनी मान हलवली.

"म्हणजे माझं सगळं गणित वाया?"

बाईंनी टेबलाला हलकेच धक्का दिला. पुन्हा दिला. पहिला मणी सुटला, डुगडुगला, आणि शेवटच्या मण्याला जाऊन चिकटला. टक्.

"शेवट तू बरोबर ओळखलास, बाळा. माळेला तो ठाऊक नसतो."

वेदांगने माळ उचलली. दारात मरियमच्या हातावर ठेवली, आणि तिचे आकडे बघायला तिच्या टेबलाकडे चालू लागला.