इथे नारळ फोडतात

वीजघरामागचे हे तळे बघा. हात मात्र घालू नका, पोळाल. खूप खोलवरून वर येणाऱ्या या ऊन पाण्याच्या वाफेवर आमचे दिवे लागतात आणि सातपुड्याच्या थंडीत आश्रमशाळेच्या खोल्या ऊबदार राहतात. आणि पाहुणे, मघाशी तुम्ही मला "काका, नारळ वाढवा" म्हणालात. तसे इथे म्हणत नाहीत.

असे सांगतात, की जमिनीला पहिले खोल भोक पाडले तेव्हा वाफ बघायला सारे गाव लोटले. सुपडू झडपेच्या चाकावर होता. त्याचा थोरला भाऊ हिरामण खाली चरात उतरून नळाचे सांधे तपासत होता. हिरामणची बायको कौतिक पूजेचे ताट घेऊन वर काठावर, सुपडूच्या शेजारीच उभी. चाक थोडे फिरले, नळ थरथरू लागला. हिरामणच्या पाठीमागच्या सांध्यातून वाफ सुटली. ती कौतिकलाच दिसली. एवढ्या आवाजात हिरामणला हाक ऐकू जाणे शक्यच नव्हते.

झडप बंद व्हायला हवी होती, ताबडतोब. पण शुभ दिवशी, भरल्या ताटासमोर 'बंद' कसे म्हणायचे? तेव्हा इथेही दिवा वाढवत, दुकान वाढवत, तसेच तिच्या तोंडून निघाले. जिवाच्या आकांताने ती ओरडली, "भाऊजी, वाढवा! वाढवा!"

कामावर 'वाढव' म्हणजे आणखी उघड. सुपडूने चाक आणखी उघडले.

सांधा निखळला. "बंद करा!" ती किंचाळली. चाक उलटे फिरले, पण तोवर चर उकळत्या पाण्याने भरला होता. म्हणे तिथली जमीन खचून हे तळे झाले आणि ते पुढे कधी निवलेच नाही.

सुपडू स्वतःचे हात दगडावर आपटू लागला. कौतिकने ते धरले. "तुमचा हात चुकला नाही, भाऊजी. माझी जीभ चुकली."

एक म्हातारी जवळ येऊन हळूच म्हणाली, "बांगड्या वाढव, बाई."

"फोड म्हणा!" कौतिक कडाडली. "जे आहे ते म्हणा!" आणि तिने त्या इथेच फोडल्या. हे सांगताना मला अजून राग येतो. कुणावर, ते कळत नाही.

आजही झडप बंद करताना तिच्यावरचा माणूस आधी मोठ्याने 'बंद' म्हणतो, मगच चाकाला हात लावतो. आमचा वाणी दुकान बंद करतो, बायका दिवा विझवतात.

हं, आणा तो नारळ. काय करू म्हणालात?