पाचाला सात

नदीकाठच्या एका गावात एक दोर वळणारी बाई राहत होती. सगुणा तिचं नाव. तिच्या हातचा दोर कधी तुटला नाही, असं लोक सांगत.

सगुणेला एकच लेक होती, येसू. ती पलीकडच्या काठावरच्या गावात दिली होती. तेव्हा नदी उथळ होती. लोक गुडघाभर पाण्यातून बोलत बोलत पलीकडे जात. सगुणा सकाळी भाकरी बांधून निघे आणि दुपारी लेकीच्या ओट्यावर बसून जेवे.

पण एका पावसाळ्यात वरच्या अंगाला डोंगराचा कडा कोसळला. दोन ओढ्यांनी वाट बदलली आणि ते नदीला येऊन मिळाले. पाणी खोल झालं आणि धारेला वेड्यासारखा वेग आला. खाली कोसभरावर धबधबा, वर सरळसोट डोंगर. पलीकडे उतरायला एकच जागा उरली, चिंचेखालचा घाट. दोन्ही गावांचं येणं-जाणं बंद पडलं.

येसू रोज तिसऱ्या प्रहरी चिंचेखाली येऊन उभी राही. अलीकडे सगुणा उभी राही. पाण्याच्या आवाजात हाक पोचत नसे. एवढ्या लांबून चेहराही दिसत नसे, फक्त लुगड्याचा रंग दिसे. तिसऱ्या वर्षी त्या लुगड्याच्या कडेवर काहीतरी लहानसं दिसलं. सगुणा पाण्यात घोट्यापर्यंत गेली आणि डोळ्यांवर हात धरून बघत राहिली. लेकीला मूल झालं होतं. मुलगा की मुलगी, तेही तिला कळलं नाही.

त्या दिवशी घरी येऊन तिनं ठरवलं, काठापासून काठापर्यंत दोर न्यायचा. दोराला बांधलेली नाव धारेत वाहून जाणार नाही. एकदा दोर चिंचेला बांधला, की दोराला धरून कुणालाही येता-जाता येईल.

पण दोर किती लांब हवा? नदी मोजणार कशी?

सगुणेचा बाप देवळं बांधणाऱ्यांना दोर पुरवत असे. त्यानं तिला बारा गाठींची दोरी शिकवली होती. सारख्या अंतरावर बारा गाठी मारायच्या, दोरीची दोन टोकं जोडायची आणि तीन, चार, पाच अशा बाजू ताणायच्या. तीन आणि चारच्या मधला कोपरा पक्का काटकोन निघतो. त्या दोरीनं सगुणेनं चिंचेच्या अगदी समोरची जागा ठरवली आणि तिथं खुंट ठोकला. मग घरातला चौरस पाट घेतला, त्यावर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत कोळशाची रेघ ओढली आणि काठाकाठानं वर चालायला लागली. पाटाची कड काठाला धरून ती रेघेवरून बघे. शेवटी एका जागी चिंच बरोबर रेघेत आली. बाप सांगायचा, काटकोनात निम्मा कोन साधला की दोन्ही बाजू सारख्या. म्हणजे खुंटापासून जेवढं चालणं, तेवढीच नदीची रुंदी.

मोजलं तर दोनशे हात भरले.

हिवाळाभर तिनं अंबाडीचा वाख, म्हणजे सालीचा धागा, काढला, पीळ दिला आणि बळकट दोर वळला. गाठींसाठी वीस हात जास्त धरून दोनशे वीस हात. चैत्रात पाणी उतरलं, तेव्हा ती धर्मा भोयाकडे गेली. धर्मा गावातला सगळ्यात जुना नावाडी. त्यानं दोर हातात घेऊन चाचपला आणि मान हलवली. दोर चांगलाच होता. पण नदी नावेला सरळ पलीकडे जाऊ देणार नाही, असं तो म्हणाला. हातभर पुढं सरकलं, की धार हातभर खाली ओढते. चिंचेच्या घाटाला लागायचं तर नाव वरून सोडावी लागेल. कुठून, ते त्यानं काठानं चालत जाऊन दाखवलं. पाट ठेवून सगुणेनं जिथून चिंच बघितली होती, जवळजवळ तीच जागा निघाली.

म्हणजे नाव तिरकी जाणार होती, आणि तिला धरणारा दोरही.

धर्मा म्हणाला, दहा-वीस हात दोर आणखी जोडला की झालं. तिरकं म्हटलं तरी फरक तो किती पडणार? सगुणेनं मोजायची दोरी काढली. तिनं वाळूत पाच हातांची रेघ ओढली. तिच्या टोकाशी काटकोनात दुसरी पाच हातांची रेघ ओढली. मग दोन्ही मोकळी टोकं जोडणारी दोरी ताणली आणि मोजली. सात हात आणि वर दोन बोटं.

पाचाला पाच, तिरका सात. दोनशे हात म्हणजे चाळीस वेळा पाच. म्हणून तिरकं अंतर चाळीस वेळा सात, दोनशे ऐंशी हात. वरच्या बोटांचे मिळून आणखी तीन हात. गाठी आणि झोळ धरला, तर तीनशे हात दोर हवा.

तिच्याजवळ दोनशे वीस हात होता. वाख संपला होता. नवी अंबाडी आता पावसाळ्यात पेरायची आणि हिवाळ्यात कापायची. म्हणजे वर्ष गेलं.

गावातल्या बायकांनी तिला समजावलं. ओला दोर ताणून लांबतो, थोडं कमी पडलं तर धर्मा सांभाळून घेईल, पुढच्या वर्षाचं कुणी सांगावं. सगुणा वाळूतल्या त्या तिन्ही रेघांकडे बघत बसली. तिलाही वाटत होतं, की आपली मोजणी चुकली असावी. तिनं पुन्हा रेघा ओढल्या, पुन्हा दोरी ताणली. पुन्हा सातच आले.

पलीकडे चिंचेखाली येसू उभी होती. आज मूल तिच्या कडेवर नव्हतं. ते तिच्या पायाशी उभं होतं.

धर्मानं हळूच विचारलं, "मग काय करायचं, पोरी? नाव सोडू?"

सगुणा म्हणाली, "नको, बाबा. माझं मन कधीचं पलीकडे जाऊन बसलंय. पण दोर मनाला नाही, नावेला बांधायचाय."

आणि तिनं दोराचं वेटोळं उचलून घरी नेलं.

त्याच वैशाखात वरच्या वाडीतला राऊ आपली नाव घेऊन आला. त्याचा भाऊ पलीकडे होता. त्यानंही दोर आणला होता, सगुणेच्या दोराएवढाच, नदीच्या रुंदीपुरता. सगुणेनं त्याला वाळूतल्या रेघा दाखवल्या. तो म्हणाला, एवढं मोजत बसायला माझ्याजवळ धीर नाही. त्याची नाव निघाली. पलीकडच्या काठावर त्याचा भाऊ पाण्यात उतरून हात पसरून उभा राहिला. चारातले तीन हिस्से नदी सरली आणि दोर संपला. नावेला हिसका बसला, ती आडवी झाली आणि उलटली. राऊनं दोर सोडला नाही, म्हणून लोकांनी त्याला ओढून अलीकडे आणलं. तो वाचला, पण नाव धबधब्यात गेली. सगुणेनं त्याला अंगणात बसवून पेज दिली. आपलं खरं ठरलं, याचा आनंद तिला झाला नाही.

पुढचं वर्ष फार लांब गेलं. येसूला यातलं काही सांगायची सोय नव्हती. आई दोर घेऊन काठावर आली आणि दोर घेऊन परत गेली, एवढंच तिला दिसलं होतं. ती चिंचेखाली येईनाशी झाली. सगुणा तरीही तिसऱ्या प्रहरी जाऊन रिकाम्या चिंचेकडे बघून येई. मग घरी येऊन दोराला पीळ देत बसे.

दुसऱ्या चैत्रात धर्मानं नाव सोडली. सगुणा नावेत होती. काठावर राऊ आणि सगळं गाव दोर सोडत होतं. दोनशे वीस हात सरले, तेव्हा नाव तिथंच होती जिथं राऊची उलटली होती. दोर पुढं सरकतच राहिला. नाव घाटाच्या दगडाला लागली तेव्हा अलीकडे नऊ हात शिल्लक होता.

धर्मानं दोर चिंचेच्या बुंध्याला बांधला. कुणीतरी निरोप दिला आणि येसू धावत आली. पण जवळ येताच थबकली.

"गेल्या वर्षी आलीस आणि परत फिरलीस," ती म्हणाली. "मला वाटलं, तुझी ओढ संपली."

"ओढ होती, बाळ. दोर कमी होता. निघाले असते, तर निम्म्या वाटेवरच राहिले असते."

येसूच्या मागून एक लहान मुलगी डोकावत होती. ही कोण आहे, असं तिनं आईला विचारलं. येसूनं डोळे पुसले आणि सांगितलं, तुझी आजी. मुलगी जरा वेळ बघत राहिली. मग पुढं येऊन तिनं दोर वळून खरखरीत झालेल्या त्या हातात आपला हात दिला.

तात्पर्य: ओढ कितीही खरी असली, तरी तिच्यामुळे अंतर बोटभरही कमी होत नाही. जो अंतर खरं मोजतो आणि तेवढा धीर धरतो, तोच आपल्या माणसापर्यंत पोचतो.