हरणीच्या वाट्याचं पाणी

डोंगराच्या पायथ्याशी, राजाच्या शिकारखान्यामागे, हौसाची चिमुकली झोपडी होती. तिथे दिवसाला एकच भाकरी भाजली जायची. अर्धी हौसा आणि तिचे वडील, आबा, खायचे, अर्धी हरणीला जायची. हरणी शिकारी कुत्री होती. सोनसळी अंगाची, लांब पायांची, वाऱ्याला मागे टाकणारी. आबा राजाची बारा कुत्री सांभाळायचे, हरणी त्यांतलीच एक. हौसा नऊ वर्षांची, पण प्रत्येक कुत्र्याच्या पंजाची भेग न् भेग तिला ठाऊक होती.

वैशाखात आबा तापाने पडले. नेमकी त्याच दिवशी रानडुकराची शिकार ठरली होती. कुत्र्यांचे दोर हौसाने हातात घेतले.

शिकारखान्याची जुनी रीत होती. डुक्कर पडेपर्यंत कुत्र्यांना पाणी द्यायचं नाही. तहानलेलं कुत्रं जास्त पळतं, असं सगळे धरून चालत. त्यात राजा उशिरा उठला. रानात पोचेतो ऊन डोक्यावर आलं. खडक तापून पांढरे दिसू लागले. हरणीची जीभ लोंबली, लाळ चिकट झाली, पाय लटपटू लागले.

"जमादारकाका, हिला पाणी पाहिजे," हौसा म्हणाली.

रायाजी जमादार शिकारखान्याचा मुख्य. तो मिशीला पीळ देत म्हणाला, "पाणी कशाला? पालखीच मागवू की तिच्यासाठी. ऐक पोरी. थेंबभर जरी पाजलंस, तर तुझ्या बापाची चाकरी गेली समज."

बाकी अकरा कुत्र्यांचे दोर ओढत तो राजामागे पुढे गेला.

चाकरी गेली की भाकरीही गेली, हे हौसाला कळत होतं. तरी तिने हरणीच्या पोटाखाली हात घातले आणि तिला ओढत करंजाच्या गार सावलीत नेलं. कमरेला बांधलेल्या सुक्या भोपळ्यात तिचं स्वतःचं दिवसभराचं पाणी होतं. तिने आधी हरणीचे कान भिजवले, मग पोट, मग चारही पंजे. करंजाच्या डहाळीने वारा घातला. मग ओंजळीतून घोट घोट पाजलं. घाईने पाजायचं नसतं, हे आबांनी शिकवलं होतं. स्वतः मात्र तिने ओठही ओले केले नाहीत.

भोपळ्यात एकच थेंब उरला. तेवढ्यात पानावर काहीतरी निळंनिळं थरथरलं. बोटाएवढी इवलीशी परी. तिचे चतुरासारखे पंख उन्हाने सुकून चुरगळले होते. हौसाने तो थेंब तिच्या तोंडाशी धरला. पंख उलगडले. त्यांतून मोरपिशी, केशरी, रुपेरी रंग सांडले.

"तीन मागण्या माग, हौसे," परी म्हणाली. "पण नियम आहे. जे तू आपल्या हाताने सुरू केलंस, तेच मी पुरं करीन. नुसतं बसून मागितलेलं मला देता येत नाही."

"हरणी बरी होऊ दे."

ते तर हौसाने सुरू केलंच होतं. हरणी उठली, अंग झाडलं आणि हौसाचा कान चाटला.

"आता बाकीच्या अकरांना पाणी मिळू दे."

"त्यासाठी काय केलंस?"

जवळच कोरडा ओढा होता. हौसा गुडघ्यांवर बसली आणि वाळू उकरू लागली. नखं तुटली, कोपर सोलला. हातभर खाली वाळू ओली लागली. तेव्हा परीने पंख फडकवले आणि खळखळ करत झरा वर आला. निळा, नितळ, चांदीच्या घुंगरांसारखा वाजणारा.

हौसा धावत राजाकडे गेली. अकराही कुत्री जमिनीवर पसरली होती. डुक्कर केव्हाच निसटलं होतं. जमादाराने चाबूक उगारला होता.

"महाराज, ही कुत्री..." पण घोड्यावरच्या राजाकडे बघून हौसाला पुढे शब्दच फुटेना.

परी तिच्या वेणीवर बसली होती.

"बोलायला सुरुवात केलीय मी," हौसा पुटपुटली. "तेवढं पुरं होऊ दे."

आणि तिचा आवाज मोकळा झाला. "महाराज, जोडा काढा आणि या खडकावर पाय ठेवून बघा."

राजा हसला, खाली उतरला, जरीचा जोडा काढून त्याने खडकावर पाय ठेवला. लगेच उचलला. त्याचं हसू गेलं.

"रायाजी, सकाळपासून तू किती वेळा पाणी प्यालास?"

"चार वेळा, महाराज."

"आणि यांनी?"

जमादाराने उगारलेला चाबूक खाली घेतला.

राजाने स्वतः कुत्र्यांचे दोर घेतले आणि हौसाने दाखवलेल्या झऱ्यावर त्यांना अनवाणी पायाने नेलं. कुत्री घोट घोट प्याली, ओल्या वाळूत पोट टेकून पडली. मग राजा म्हणाला, "आजपासून शिकारखाना हौसाच्या शब्दावर चालेल. आबांची चाकरी कायम. रायाजी, तू पाणी भरशील."

परी हौसाच्या तळहातावर उतरली. "तुझ्यासाठी काहीच मागितलं नाहीस," ती म्हणाली.

"हरणी आहे की."

परी हसली. तिच्या पंखांतून सोनेरी उजेड फुटला, करंजाच्या पानापानांवर पसरला, आणि त्या उजेडातच ती विरून गेली.

त्या झोपडीत मग रोज भाकऱ्यांची चळत रचली जाऊ लागली. उन्हाळ्यात शिकार ऊन चढायच्या आत संपू लागली. आणि डोंगराच्या पायथ्याच्या त्या गावात अजूनही माणूस कुत्रं घेऊन निघताना आधी जोडा काढतो, जमिनीला पाय लावतो. पाय भाजला, तर कुत्रं घरी राहतं.