गव्हर्नरांचं एक सरळ उत्तर

गव्हर्नर थॉर्नबरींच्या तोंडून सरळ उत्तर काढायचं कसं? अमेरिकेतल्या त्या अख्ख्या राज्यात हे कुणाला जमलं नव्हतं!

साहेब मूळचे वकील. पहिलाच अशील कोंबडीचोर. न्यायाधीशांनी विचारलं, "कोंबडी चोरली का?" साहेब म्हणाले, "ती आपणहून पिशवीत शिरली नसेल, हे कोण सांगणार?" अशील सुटला! मग साहेब निवडणुकीला उभे राहिले, आमदार झाले, गव्हर्नर झाले, पण ताकास तूर लागू द्यायची नाही ही सवय काही गेली नाही.

प्रचाराला ते विलो बेंड गावात आले, तेव्हा नावाड्याची मुलगी हेटी पुढे झाली. गावात शाळा नव्हती. नदीला पूर आला की पलीकडच्या शाळेत जाणारी पोरं महिना महिना घरी बसत.

"साहेब, आम्हाला शाळा मिळणार का?"

"वा! शाळा म्हणजे ज्ञानाचा दिवा! दिव्याला तेल लागतं, तेलाला..."

"हो की नाही, तेवढं सांगा!"

साहेबांना गंमत वाटली. "पोरी, सूर्य मावळायच्या आत माझ्याकडून नुसतं 'हो' किंवा 'नाही' वदवून दाखव. शाळा तुझी! हरलीस, तर शाळेचा विषय कायमचा बंद!"

सगळं गाव हळहळलं. हेटी मात्र म्हणाली, "चला, माझ्याच नावेतून पुढच्या सभेला सोडते."

थोडं खाली गेल्यावर दोन्ही काठांवर बँड वाजू लागले. उजवीकडे गिरणीवाले, डावीकडे शेतकरी. दोघांनीही साहेबांसाठी सफरचंदाचे केक भाजून ठेवले होते!

"नाव उजवीकडे लावू?"

"उजवा काठ माझं हृदय आहे. पण डावा काठ माझा श्वास!"

"मग एकाकडे वळले तर दुसऱ्याचा अपमान!" हेटीने वल्ही उचलून आत ठेवली. नाव नदीच्या मधोमध डुलत राहिली.

बँडवाले दमले. लोकांनी केक कापायला घेतले. तेवढ्यात उजव्या काठावर साहेबांचा प्रतिस्पर्धी तोडलेल्या झाडाच्या बुंध्यावर चढून भाषण ठोकू लागला. टाळ्याही पडल्या!

"अगं, वल्हव!" साहेब ओरडले.

"कुठे?"

"जिथे लोकहित असेल तिथे!"

"म्हणजे उजवीकडे का, साहेब?"

"हो! हो, बाई, हो!"

"शाळा मिळाली!" हेटीने टाळी वाजवली.

साहेबांमधला वकील ताडकन जागा झाला. "हरकत आहे! अडचणीत पकडून काढलेला शब्द ग्राह्य कसा धरणार?"

हेटीचा चेहरा पडला. "म्हणजे तो 'हो' धरायचाच नाही?"

"नाही! मुळीच नाही!"

"घ्या! 'नाही'सुद्धा आलं!" हेटी खुदकन हसली. "पैज एकाच शब्दाची होती, साहेब, तुम्ही तर दोन्ही दिलेत. यातला कुठला परत हवा?"

साहेब इतके गदगदून हसले की त्यांची उंच टोपी नदीत पडली!

विलो बेंडला शाळा झाली. उद्घाटनाला साहेब स्वतः आले. कुणीतरी घाबरत घाबरत विचारलं, "साहेब, आज भाषण करणार?"

साहेब हेटीकडे पाहून म्हणाले, "नाही!"

त्यांच्या आजवरच्या सगळ्या भाषणांत लोकांना हेच सगळ्यात जास्त आवडलं.