दुपारचा डाव

फार पूर्वी कांपिल्य नगरात जयसेन राजाचे राज्य होते. त्या जन्मी बोधिसत्त्व त्या राजाचा न्यायामात्य होता आणि त्याचे नाव मेघदत्त होते. राजा आणि मेघदत्त एकाच गुरूकडे शिकले होते. अभिषेक झाल्यावर जयसेनाला सगळे जग महाराज म्हणू लागले, पण दोघेच असले की मेघदत्त त्याला अरे-तुरे करी आणि राजाला ते फार आवडे.

न्यायशाळेच्या मागे कडुनिंबाखाली एक चौथरा होता. जेवण उरकले की राजा तेथे येई आणि दोघे उन्हे कलेपर्यंत सारीपाट खेळत. खेळात पैज नसे. कोणीही जिंकले तरी दोघे हसतच उठत. त्यात वाईट असे काही नव्हते. मेघदत्त सकाळी न्यायासनावर बसे आणि समोर येईल त्याचे शांतपणे ऐकून घेई. त्याने कधी कोणाकडून काही घेतले नाही, कोणावर आवाज चढवला नाही. दुपारी मात्र न्यायशाळेचे दार बंद असे. तसा नियम कोणी केला नव्हता. डाव रोज होत गेला आणि दार रोज बंद होत गेले, एवढेच.

नदीपलीकडे कुंभारांचे गाव होते. तेथल्या धनक नावाच्या कुंभारावर गाय चोरल्याचा आळ आला. राजपुरुषांनी त्याला धरून आणले आणि त्याची सुनावणी होईपर्यंत बंदीशाळेत ठेवले. पुढे काही दिवसांनी ती गाय नदीकाठच्या लव्हाळ्यातून आपल्या पायांनी घरी आली. गायीचा मालक ओशाळला. ‘मी नगरात जाऊन सांगतो’ असे तो म्हणाला, पण कापणीचे दिवस होते. त्याचे जाणे राहून गेले. म्हणून धनकाची बहीण तिष्या स्वतःच निघाली.

नदीवरची नाव माणसांनी भरल्याशिवाय सुटत नसे. तिष्या न्यायशाळेपाशी पोचेपर्यंत दुपार झालेली असे आणि दार उघडण्याआधी परतीची नाव निघायची वेळ होई. घरी अंथरुणाला खिळलेली आई होती, त्यामुळे नगरात रात्र काढणे तिला शक्य नव्हते.

“आत डाव चाललाय, बाई,” द्वारपाल भद्रक तिला म्हणे. “सकाळी ये.”

“सकाळी नाव मिळत नाही, दादा. एकच गोष्ट सांगायची आहे.”

“इथे येणाऱ्या प्रत्येकाला एकच गोष्ट सांगायची असते.”

एकदा तिचा आवाज चौथऱ्यापर्यंत आला. मेघदत्ताने हात थांबवून विचारले, “कोण आहे रे?”

“रोजचीच बाई आहे, स्वामी,” भद्रक म्हणाला.

“टाक ना फासे,” राजा म्हणाला.

मेघदत्ताने फासे टाकले. दान चांगले पडले आणि तो त्या आवाजाला विसरून गेला.

पुढे एका सकाळी बंदीशाळेचा अधिकारी सांगत आला की, धनक नावाचा बंदी तापाने मेला, त्याला दहनासाठी घरच्यांच्या स्वाधीन करायचे आहे. त्याच सकाळी गायीचा मालकही गाय परत आल्याचे सांगायला मान खाली घालून न्यायशाळेत उभा राहिला.

“गाय घरी आली, हे इतके दिवस मला कोणीच कसे सांगितले नाही?” मेघदत्ताने विचारले.

 तेव्हा भद्रकाने रोज दारापाशी येणाऱ्या धनकाच्या बहिणीची हकीकत सांगितली.

सुतक फिटल्यावर मेघदत्त नावेत बसून पलीकडे गेला. तिष्या अंगणात माती तुडवीत होती. त्याला पाहून ती थांबली नाही.

“रोज येत होतीस ती तूच?”

“हो.”

“मला दोष देतेस का?”

“दोष देऊन काय करू, स्वामी?” ती म्हणाली. “आधी वाटायचं, आत काहीतरी मोठं काम चाललं असेल. मग दारावरच्या दादांनी सांगितलं, डाव चाललाय. मला बरंच वाटलं. डाव म्हणजे आत्ता संपेल. म्हणून मी पायरीवर बसून राहायची. पण तेवढ्यात नावेची वेळ व्हायची.”

 तिची माती मळून होईपर्यंत मेघदत्त तेथेच उभा राहिला आणि मग परत आला.

त्याने ठरवले की आता रोज एकच डाव खेळायचा आणि मग दार उघडायचे. राजाने ते हसत मान्य केले. पण एक डाव संपला की राजा म्हणे, “हा काही डाव झाला नाही, आणखी एक होऊ दे.” कधी राजा काही बोलत नसे, आणि मेघदत्ताला दिसे की आपलाच हात पटावर सोंगट्या मांडू लागला आहे. थोड्याच दिवसांत पुन्हा उन्हे कलेपर्यंत डाव चालू लागला. एका दुपारी दाराबाहेर कोणीतरी खोकले. मेघदत्ताच्या ध्यानात आले की, तो माणूस निघून जावा म्हणून आपण वाट पाहत आहोत. त्याने हातातले फासे खाली ठेवले.

“काय रे, हरतोयस म्हणून उठलास?” राजाने विचारले.

“जिंकत होतो. जयसेना, आता यापुढे मी खेळणार नाही.”

“त्या कुंभारासाठी? अरे, त्याच्या बहिणीला जमीन दे, दानधर्म कर. मी कोश उघडून देतो.”

“जमीन देऊच. पण ती जमीन मागायला आली नव्हती. घटकाभर तिचं ऐकून घ्यायचं होतं.”

राजा थोडा वेळ सोंगट्या चाचपत राहिला. मग म्हणाला, “महामात्याची जागा रिकामी आहे, तुला ठाऊक आहे. ती मी तुला देतो. सकाळ राज्याला दे, दुपार तेवढी माझ्याकडे ठेव.”

“दुपारीच नाव येते, जयसेना.”

“आणि मी? मला ‘अरे’ म्हणणारं या नगरात दुसरं कोण आहे?”

हे ऐकून मेघदत्ताला वाईट वाटले. राजा खोटे बोलत नव्हता. मेघदत्त म्हणाला, “तू रोज ये. माझ्याजवळ बस. खेळाचा मला वीट आलेला नाही. तो फार आवडतो, म्हणून थोडा थोडा सोडता येत नाही.”

“रडगाणी ऐकत बसू?” असे म्हणून राजा उठून गेला. महामात्यपद दुसऱ्याला मिळाले. मेघदत्ताचा रथही काढून घेण्यात आला. तो पायी येऊ-जाऊ लागला.

न्यायशाळेचे दार आता दुपारीही उघडे राहू लागले. आरंभी मेघदत्ताचा हात फासे घोळवल्यासारखा मांडीवर आपोआप हले आणि त्याचे त्यालाच हसू येई. हळूहळू ते थांबले. नावेने येणारी माणसे आत येऊन बसत. सगळीच काही अडलेली नसत. एका कोंबड्यावरून दोन भाऊ अर्धी दुपार भांडले. मेघदत्ताने तेही ऐकून घेतले.

राजा इतरांबरोबर खेळून पाहत होता. ते लोक मुद्दाम हरत आणि हरल्यावर त्याची स्तुती करीत. त्याला कंटाळा आला. एका दुपारी तो कोणालाही बरोबर न घेता, साध्या वस्त्रांत पायीच न्यायशाळेकडे आला. भद्रक गडबडीने वाकू लागला, तेव्हा त्याने हातानेच त्याला थांबवले. आत गर्दी होती. राजा वाट काढीत पुढे जाऊ लागला, तोच एका म्हाताऱ्या गुराख्याने त्याचे उपरणे ओढले.

“अहो, मध्ये कुठे घुसता? आम्ही केव्हापासून बसलोय. मागे बसा.”

मेघदत्ताने न्यायासनावरून हे पाहिले. तो समोरच्या माणसाचे ऐकत राहिला. राजाने म्हाताऱ्याकडे पाहिले, मग आसनाकडे पाहिले, आणि तो मागे जाऊन दाराजवळ जमिनीवर बसला. एकेक माणूस उठून आपले म्हणणे सांगत होता. राजाने ते सारे ऐकले.

शेवटचा माणूस गेल्यावर मेघदत्ताने, सर्वांना विचारी तसेच, विचारले, “तुमचं काय म्हणणं आहे?”

 राजा म्हणाला, “मेघदत्ता, आत्ता बंदीशाळेत कोण कोण आहे?”

“चल, बघून येऊ,” मेघदत्त म्हणाला आणि आसनावरून उठला. दोघे पायीच तिकडे गेले.

विहारात जमलेल्या भिक्षू-भिक्षुणींना शास्त्यांनी, म्हणजे भगवान बुद्धांनी, ही पूर्वजन्मीची हकीकत सांगितली आणि कोण कोण होते तेही सांगितले. त्या वेळचा राजा जयसेन आता भिक्षू कोसिय झाला आहे. द्वारपाल भद्रक म्हणजे आजचा उपासक कंबल. तिष्येला आज सगळे थेरी, म्हणजे ज्येष्ठ भिक्षुणी, सुतारा म्हणून ओळखतात. न्यायामात्य मेघदत्त स्वतः शास्तेच होते. धनकाविषयी कोणी विचारले नाही आणि शास्तेही काही बोलले नाहीत. सुतारा तेवढी खाली पाहत होती.

यात बोधिसत्त्वाने पाळलेला श्रेष्ठ गुण, म्हणजे पारमिता, नैष्क्रम्याची, म्हणजे सारे सोडून जाण्याची. हा जन्म त्याने घरातच काढला. सोडली ती फक्त एक आवडती सवय.