गोधडीच्या पोटाची कहाणी

ऐक गे मरियामाये, तुझ्या जपमाळेच्या महिन्याची कहाणी. बायांनो, सुई हातात असू द्या, कान इकडे द्या.

आटपाट वाडी होती. वाडीला समुद्राचं वारं होतं, केळीची बाग होती, बागेपलीकडे चर्च होतं. तिथं एक घर होतं. घरात बस्त्याव होता, त्याची बायको नातालीन होती, त्याची म्हातारी आई मोतेसबाय होती. लेक इनेस लग्न होऊन दुसऱ्या गावी नांदत होती.

नातालीनला दोन नाद होते. एक गोधड्यांचा, दुसरा वाचनाचा. रविवारी मिस्सा सुटली की चर्चच्या दाराशी छोटी पुस्तकं मांडत. ख्रिस्ती घर कसं असावं, जेवणाआधी काय म्हणावं, मुलांना कसं वळण लावावं. नातालीन पुस्तक आणायची, संध्याकाळी माळ झाली की मोठ्यानं वाचायची. वाचायची मोठी छान. बस्त्याव डुलक्या काढायचा, मोतेसबाय ऐकायची.

एका पुस्तकात निघालं, म्हाताऱ्यांना मायेची ऊब द्यावी. नातालीनच्या मनानं घेतलं. मोतेसबायनं आपल्या लग्नाचं लाल लुगडं काढून दिलं. मग नातालीननं ते फाडलं, चिंध्या पसरल्या, कडेनं दोरा घातला. त्या वाडीची रीत अशी, की गोधडी कडेकडून आत शिवत जायची, मधली जागा शेवटी राखायची. त्या जागेला पोट म्हणतात. पोटात झावळ्यांच्या रविवारची आशीर्वादित झावळी ठेवायची, जिची गोधडी तिचं नाव घ्यायचं, मग पोट मिटून गाठ मारायची. नातालीन पोटापर्यंत आली आणि दुसरं पुस्तक आलं.

दुसऱ्या पुस्तकात निघालं, दारी आलेला पाहुणा देवाचा. मग पहिली गोधडी पेटाऱ्यात गेली, पाहुण्याची बाहेर आली. तीही पोटापर्यंत आली. तिसऱ्यात निघालं, बाळ घरचा आनंद. इनेसला दिवस गेले होते. मग दुसरी पेटाऱ्यात गेली, बाळाची बाहेर आली. तीही पोटापर्यंत आली, आणि पेटाऱ्यात गेली.

मोतेसबाय विचारी, “माझं लुगडं अंगावर कधी येणार गो?”

नातालीन म्हणे, “येईल हो आई. एवढा धडा होऊ द्या.”

माळेच्या महिन्यात एके दिवशी काय झालं, उन्हं कलली होती, नातालीन ओटीवर वाचत बसली होती. एक बाई आली. पायाला धूळ, डोईला निळं फडकं. म्हणाली, “बाय, लांबून आले. वारं सुटलंय. पांघरायला काही देशील का?”

“देते हो. नाव काय तुझं?”

“मरिया.”

“घरधनी काय करतो?”

“सुतार आहे.”

त्या वाडीतच चार मरिया, सुतारही दोन. नातालीनला त्यात काही वाटलं नाही. तिनं पाहुण्याची गोधडी आणली. बाईनं अंगावर घेतली, तशा चिंध्या ओटीभर सांडल्या. मग सासूची आणली. चिंध्या सांडल्या. मग बाळाची आणली. तिच्याही सांडल्या. नातालीन ओशाळली, चिंध्या गोळा करू लागली.

बाई म्हणाली, “राहू दे. तुझी सासू काय पांघरते?”

नातालीनला ठाऊक नव्हतं. रोज सासूच्या उशाशी बसून पुस्तक वाचायची, पण कधी खाली बघितलं नव्हतं. ती आत गेली. मोतेसबाय निजली होती. अंगावर मेलेल्या नवऱ्याचा कोट, पायांवर गोणपाट. नातालीनला फार वाईट वाटलं. ती बाहेर आली, बाईचे पाय धरले. “बाय, मी चुकले. याला काही उपाय सांग.”

“सांगते. पण अर्ध्यात टाकशील.”

“नाही टाकणार.”

“मग ऐक. पान वाचावं, पानात लिहिलंय ते करावं, मग पान उलटावं. एक पोट मिटेतो दुसरं कापड फाडू नये. सगळ्यांत जुनं काम आधी हाती घ्यावं. एवढा वसा.” असं म्हणून बाई वाऱ्यातच निघून गेली.

नातालीननं वसा घेतला. रोज दोरा घाली. मग रविवार आला. नवं पुस्तक होतं, वर रंगीत चित्र होतं. म्हटलं, नुसतं चाळू. निघालं काय, तर धर्मगुरूंची काळजी घ्यावी. मग नातालीननं फादरसाठी कापड फाडलं. फादरनी काही मागितलं नव्हतं, बरं का.

तेवढ्यात मोतेसबायला हिवताप भरला. दातावर दात आपटू लागले. बस्त्याव डॉक्टरला घेऊन आला. डॉक्टर म्हणाले, औषध दिलंय, पण वय फार झालं, ऊब द्या. नातालीननं हातातलं कापड टाकलं, पेटारा उघडला, लाल गोधडी काढली, खाटेशी बसली. पुस्तक नाही की काही नाही. शिवत राहिली.

मोतेसबायनं डोळे उघडले. “किती राहिलं गो?”

“हातभर, आई.”

“मग थांबते मी.”

नातालीन शिवत राहिली. बोटं टोचली, तरी शिवत राहिली.

“किती राहिलं?”

“वीतभर.”

“मग थांबते.”

आवाज बारीक झाला होता. बस्त्याव दाराशी माळ घेऊन उभा होता. नातालीननं झावळी पोटात ठेवली, मोतेसबायचं नाव घेतलं.

“किती राहिलं?”

“चार बोटं.”

“थांबते.”

मग एकच टाका उरला, आणि नातालीनचा हात थांबला. तिच्या मनात आलं, ही या गोधडीसाठी थांबली आहे. गाठ मारली की जाईल. जन्मभर नातालीननं कामं टाकली ती नव्या नादानं, हे टाकावंसं वाटलं ते मायेनं. सुई तशीच धरून ती रडू लागली.

मोतेसबाय म्हणाली, “आणि आता काय झालं?”

“गाठ मारली की तुम्ही जाल.”

“जाईन, नाहीतर राहीन. ते तुझ्या सुईवर नाही गो. गार पडलेय मी. मार गाठ.”

नातालीननं गाठ मारली. दातानं दोरा तोडला. लग्नाचं लुगडं म्हातारीच्या अंगावर घातलं, कडा दाबल्या. मोतेसबायनं डोळे मिटले. नातालीन खाटेशी बसून राहिली, तिच्या छातीकडे बघत. दुपार गेली. चर्चची संध्याकाळची घंटा झाली.

घंटेसरशी म्हातारी हलली. कपाळाला घाम, मानेला घाम. ताप उतरला होता. म्हणाली, “उकडतंय. पेज आण, मीठ नीट घाल.” पेज प्याली, तोंड पुसलं आणि म्हणाली, “बसलीस काय? पाहुण्याची काढ.”

मग नातालीननं पाहुण्याची पुरी केली, मग बाळाची पुरी केली. फादरचं कापडही पुरं केलं, कारण फाडलं होतं. इनेसला मुलगी झाली, ती बाळाच्या गोधडीत पहिल्यांदा आजोळी आली. पुढच्या माळेच्या महिन्यात, उन्हं कलताना, निळ्या फडक्याची बाई ओटीवर येऊन बसली. नातालीननं काही विचारलं नाही. पाहुण्याची गोधडी आणून तिच्या खांद्यांवर घातली. एक चिंधी सांडली नाही. बाईनं मधल्या शिवणीवरून हात फिरवला आणि म्हणाली, “आता वाच.”

मग नातालीन वाचू लागली. पान संपलं, तशी मोतेसबाय आतून म्हणाली, “तिला आधी जेवायला वाढ, मग पान उलट.”

जशी मोतेसबायला लाल लुगड्याची ऊब मिळाली, तशी तुमच्याआमच्या घरच्या म्हाताऱ्यांना, पाहुण्यांना, बाळांना मिळो. कुणाच्या पेटाऱ्यात उघडं पोट न राहो. ही साठ टाक्यांची कहाणी पाच टाक्यांत मिटली, गाठ बसली, सुफळ झाली. आमेन म्हणा, आणि सुया चालवा.