यदुनाथच्या अकरा माश्या

“पण नाना, दोष काय आहे, तेवढं तरी सांगाल?”

धाकू नानांनी डबी डोळ्यांजवळ नेली.

डबीत अकरा माश्या होत्या. गळाच्या दांडीवर रेशमी दोरा आणि पिसं गुंडाळून मासे भुलवायला केलेले खोटे किडे. नदीवर त्यांना माशीच म्हणतात. पाठीवर कोंबड्याच्या मानेचं पीस, शेपटीला मोरपिसाचे दोन तंतू, पोटाला केसाएवढी सोन्याची तार.

सोन्याची तार, कारण यदुनाथ पोतदार सोनार होता. पुस्तकातली चित्रं बघत, एकट्यानं, पाच महिने बसून त्यानं त्या बांधल्या होत्या.

नानांनी धरणाच्या विश्रामगृहावर चाळीस वर्षं होडी चालवली होती आणि तिथं येणाऱ्या हौशी लोकांना माश्या बांधून दिल्या होत्या. गेली नऊ वर्षं ते घंगाळ डोहाच्या काठी राहत. शिष्य घेईन तर एकच, असं म्हणत. अजून घेतला नव्हता. माणूस तीनदा आला तरी ते त्याचं ऐकून घेत. चौथ्यांदा आला तर चहा देत आणि वाटेला लावत.

यदुनाथ तिसऱ्यांदा आला होता.

“दोष नाही,” नाना म्हणाले. “बायकोच्या नाकात शोभेल.”

“चेष्टा करता?”

“नाही रे. खरंच शोभेल.”

यदुनाथ खडकावर बसला.

“दुकानात आता साच्याचे दागिने येतात, नाना. चार वर्षं झाली, या हातांना काम नाही. आज तुम्ही नाही म्हणालात तर…”

“तर?”

“तर काय. साच्याच्या साखळ्यांना किमतीच्या चिठ्ठ्या बांधत बसेन.”

नानांनी हात पुढे केला.

“पक्कड आहे?”

पक्कड होती. वडिलांच्या हातची, दांड्या झिजलेली. एखादं पीस नीट बसवून दाखवणार, म्हणजे शिकवायला सुरुवात झाली, असं यदुनाथला वाटलं. त्यानं ती दोन्ही हातांनी दिली.

टक्.

पहिल्या गळाचं टोक तुटून दगडावर उडालं.

“नाना!”

टक्. टक्.

यदुनाथला उठायचं होतं. उठता आलं नाही. तोंड उघडं ठेवून तो बघत राहिला. नाना घाई करत नव्हते. एकेक माशी उचलत, टोक तोडत, माशी पुन्हा तिच्या जागी ठेवत.

अकरा झाल्या.

“हे… हे काय केलंत?”

“टोकं काढली.”

“पाच महिने लागले मला!”

“टोकांना? टोकं तू विकत आणलेलीस. तू बांधलंस ते सगळं जागेवर आहे.”

“पण आता मासा लागणार कसा?”

“बघू की.”

नानांनी बांबूची काठी घेतली, दोरीला पहिली माशी बांधली आणि डोहावर सोडली. खालून खडस जातीचा मासा वर आला. माशी तोंडात घेतली.

“ए—” नाना मोजायला लागले.

एक पुरा होण्याआधी माशानं ती थुंकली.

दुसरी थुंकली. तिसरीला सोन्याची दोन वेटोळी जास्त होती. मासा तिच्याजवळ आला, वळला आणि निघून गेला. चौथी, पाचवी… ऊन डोक्यावर आलं. यदुनाथनं सदऱ्याच्या बाहीनं डोळे पुसले. घाम फार नव्हता.

नवव्या वेळी नाना म्हणाले, “एक… दो—”

माशी वर आली. नानांनी ती हातात घेऊन उलटसुलट केली. पीस तिरकं, दोरा सैल.

“ही कुणी बांधली?”

“मीच. हात घसरला होता. टाकूनच देणार होतो.”

“हं.”

दहावी थुंकली. अकरावीकडे कुणी आलंच नाही. मग मात्र यदुनाथ बोलला.

“टोकं असती तर यातले सात-आठ तरी मासे काठावर असते!”

“असते. आणि माशी बांधता येते, असं समजून तू घरी गेला असतास.”

“गावात म्हणतात ते खोटं नाही. नऊ वर्षांत तुमच्या चुलीवर मासा शिजलेला कुणी बघितला नाही.”

बोलून गेल्यावर त्याला लाज वाटली.

“खरं आहे,” नाना म्हणाले.

त्यांनी डोक्यावरची टोपी काढली. तिच्या घडीतून एक माशी निघाली. राखाडी, विस्कटलेली, गोणपाटाचं सूत चिकटल्यासारखी. तिच्या रिकाम्या जागी नानांनी यदुनाथची नववी माशी ठेवली आणि टोपी पुन्हा डोक्यावर घातली.

राखाडी माशी पाण्यावर पडली.

डोह फुटला.

काठी वाकली. दोरी पलीकडच्या कड्यापर्यंत गेली, तिथून मागे आली, पुन्हा गेली. एक… दोन… कुणीच मोजत नव्हतं. यदुनाथ उभा होता, तेही त्याला माहीत नव्हतं. बऱ्याच वेळानं हातभर लांबीचा खडस उथळ पाण्यात नानांच्या पायांशी आला. ओठांत राखाडी माशी.

यदुनाथ कपड्यांसकट पाण्यात गुडघ्यांवर बसला. ओठाच्या कोपऱ्यातून त्यानं अंगठा आत सरकवला आणि टोक चाचपलं. सोनाराचा अंगठा, केसाएवढी धार त्याला कळते.

धार नव्हती. टोक आजचं तोडलेलंही नव्हतं. घासून घासून मण्यासारखं गोल झालं होतं.

त्यानं विस्तव लागावा तसा हात मागे घेतला.

“नाना… याला टोक नाही.”

“नाही.”

“आधीपासूनच?”

“नऊ वर्षं झाली.”

माशाचे कल्ले उघडत होते, मिटत होते. माशी तोंडातच होती.

“मग… मग तुम्ही हा धरलात कसा?”

नानांनी काठी खडकावर ठेवली. दोन्ही हात पाठीमागे घेतले.

“मी कुठं धरलाय? त्यानं धरलंय.”